पक्का रंग, कच्चा रंग : मण्यांना बांधलेल्या ॲड्रियामायसिनचं एक प्रकरण

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी पुण्याहून माझ्या वर्गमैत्रिणीचा फोन आला. ‘अगं, तुझ्या मुलीच्या मण्यांनी कमाल केली. प्लेटमध्ये जिवंत काही शिल्लकच नाही.’ ‘तुझी मुलगी’ म्हणजे माझी एमएस्सीची विद्यार्थिनी. ती तेव्हा माझ्यासमोरच उभी होती. मी फोन स्पीकरवर टाकला, तिनं ऐकलं आणि दोन्ही हात तोंडावर धरले. दुपारी तिनं अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, आणि एकदासुद्धा मनात आलं नाही की कर्करोगाच्या त्या पेशी नक्की कशानं मेल्या हे अजून आपण पाहिलेलंच नाही.

पुढच्या तीन महिन्यांत जे घडलं ते लिहून ठेवते आहे. प्रयोग छोटा होता आणि त्यातली चूक त्याहून छोटी, एका कुपीत मावेल एवढी. पण कर्करोगावरची औषधं घन आधाराला, म्हणजे मण्यासारख्या न विरघळणाऱ्या वस्तूला, बांधून काम करणाऱ्या प्रत्येकाला ही कुपी कधी ना कधी भेटते.

आधी औषधाबद्दल. केमोच्या वॉर्डात ज्याला सगळे ‘लाल इंजेक्शन’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन, जुनं व्यापारी नाव ॲड्रियामायसिन. इटलीतल्या ॲड्रियाटिक किनाऱ्याकडच्या मातीत सापडलेल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूच्या कुळातून ते आलं, आणि नावही त्या समुद्राचंच. रंग असा पक्का लाल की इंजेक्शननंतर दिवस-दोन दिवस लघवीला लालसर होते आणि घरचे घाबरून नर्सकडे धावतात. माझ्या विद्यार्थिनीच्या मावशीचे उपचार बार्शीला झाले. ‘मावशीच्या नळीतून लाल उतरायचं ते मी बघत बसायचे’ एवढंच ती एकदा बोलली होती. विषय निवडताना तिनं हेच औषध का धरलं हे मी त्यानंतर विचारलं नाही.

पुस्तकात शिकवतो तो मार्ग असा : औषध पेशीत शिरतं, केंद्रकात पोहोचतं, डीएनएच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतं, आणि टोपोआयसोमरेज-२ नावाच्या विकराला अडकवून ठेवतं. हा विकर डीएनएचा गुंता सोडवण्यासाठी धागा कापतो आणि पुन्हा जोडतो. औषध मध्ये आलं की कापणं होतं, जोडणं राहून जातं. तुटलेल्या टोकांचा ढीग साचतो आणि पेशी मरते. म्हणजे औषध आत गेलंच पाहिजे.

पण १९८२ मध्ये येल विद्यापीठातल्या ट्रिटन आणि यी यांनी ‘सायन्स’मध्ये उलटं काहीतरी छापलं. त्यांनी ॲड्रियामायसिन ॲगॅरोजच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाच्या) मण्यांना रासायनिक बंधानं बांधलं आणि ते मणी उंदराच्या एल१२१० या ल्युकेमिया पेशींबरोबर ठेवले. मणी पेशीपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे पेशीनं मणी गिळण्याचा प्रश्नच नाही. तरीही पेशी मेल्या. मण्यावरून सुटून आलेलं औषध एवढ्या पेशी मारायला पुरेसं नव्हतं, असं त्यांनी मोजून सांगितलं. मग निष्कर्ष असा की हे औषध पेशीच्या नुसत्या पृष्ठभागाला भिडूनही मारू शकतं. टोपोआयसोमरेजची गोष्ट पक्की झाली ती त्यानंतर, १९८४ मध्ये. म्हणजे ‘आत शिरून मारतं’ याचा सविस्तर तपशील हाती यायच्या आधीच ‘न शिरताही मारतं’ हा दावा टेबलावर आला होता. १९८२ मध्येच टोकेश आणि सहकाऱ्यांनी पॉलिग्लुटराल्डिहाइडच्या अतिसूक्ष्म गोलकांना हेच औषध बांधून पेशींवरचा परिणाम दाखवला. पुढे ट्रिटनच्या गटानं पेशीपटलातल्या निरोपव्यवस्थेकडे, विशेषतः प्रोटीन कायनेज सी या विकराकडे बोट दाखवलं.

यातलं आकर्षण कुणालाही कळेल. कर्करोगाच्या काही पेशी औषध आत येताच पंपानं बाहेर फेकतात; पी-ग्लायकोप्रोटीन हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा पंप. औषध आत जायचीच गरज नसेल तर पंप चालवून पेशीला काय मिळणार? आणि जे औषध मण्याला बांधलेलं आहे ते रक्तातून हृदयापर्यंत जाणार नाही. डॉक्सोरुबिसिनची खरी भीती हृदयाची असते, म्हणून डॉक्टर आयुष्यभराच्या एकूण डोसचा हिशेब ठेवतात. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रस्तावात पहिल्याच पानावर हे दोन्ही मुद्दे होते, ठळक अक्षरात.

आमच्या कॉलेजात पेशीसंवर्धनाची सोय नाही. कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर मागून मागून मी थकले. तेव्हा ठरलं की औषध मण्यांना बांधायचं सोलापुरात आणि पेशी पुण्यात. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातल्या, के५६२ जातीच्या. या मूळ एका ल्युकेमिया रुग्णाच्या, आणि तळाला न चिकटता द्रवात तरंगत वाढणाऱ्या. मणी त्यांच्यात मिसळायला सोपं.

बांधण्याची पद्धत जुनीच निवडली. १९६७ मध्ये स्वीडनमध्ये शोधलेली सायनोजेन ब्रोमाइडची. तयार सक्रिय केलेले मणी विकत मिळतात. डॉक्सोरुबिसिनच्या साखरेच्या भागावर एक अमिनो गट असतो, तो मण्याच्या सक्रिय जागेला जाऊन धरतो. उरलेल्या सक्रिय जागा दुसऱ्या एका साध्या अमीननं (अमिनो गटाच्या रेणूनं) बुजवायच्या, मग धुवायचं. एकदा आम्लधर्मी मिठाच्या द्रावणानं, एकदा अल्कधर्मी, आलटून पालटून. तिनं सात वेळा धुतलं. वहीत प्रत्येक धुण्याच्या पुढे पाण्याचा रंग लिहिलाय : लाल, लाल, गुलाबी, फिकट गुलाबी, अगदी फिकट, स्वच्छ, स्वच्छ. शेवटच्या ‘स्वच्छ’खाली दोन रेघा.

मणी मात्र डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल राहिले. औषधाला उजेड सोसत नाही म्हणून कुपी ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळली, फ्रिजमध्ये ठेवली. हे सोमवारी. गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ती बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन पुण्याला गेली. सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीच्या वर, आणि थर्मास घरातला चहाचा. शुक्रवारी मणी पेशींमध्ये पडले. रविवारी मोजणी झाली आणि सोमवारी फोन आला.

नियंत्रण गट तिनं दोन ठेवले होते. एकात औषध नसलेले मणी, त्यात पेशी ठणठणीत. दुसऱ्यात मोकळं औषध, त्यात पेशी मेलेल्या. कागदावर दोन्ही बाजू भक्कम दिसत होत्या.

पेढ्यांनंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचे मोठे काका तिला न्यायला आले. त्यांचं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डाईंग आहे. चादरीचं आणि टॉवेलचं सूत रंगवून देतात. तिच्या वडिलांचे यंत्रमाग आहेत. घरी तेलुगू, बाहेर मराठी, अशी सोलापुरातली नेहमीची तऱ्हा. तिला आवरायला वेळ लागत होता, म्हणून काका आत येऊन बसले. ‘पोरगी रंगाचंच काम करते म्हणे’ असं म्हणत त्यांनी बाकावरच्या कुपीकडे पाहिलं. तो त्याच घाण्यातला उरलेला माल होता, तिनं नुकताच फ्रिजमधून काढलेला. तिनं घाईनं सांगितलं, ‘काका, हात लावू नका, विष आहे ते.’ त्यांनी हात मागे घेतला आणि वाकून बघितलं. खाली लाल थर, वर बोटभर पाणी.

‘हे वरचं पाणी कुठलं ओ, मॅडम?’

‘बफर आहे. मणी कोरडे पडू नयेत म्हणून.’

‘धुतल्याला किती दिवस झाले म्हणायचे?’

मी बोटांवर मोजलं. ‘अकरा.’

‘आणि हेच पाणी? बदललं नाही?’

‘पाणी स्वच्छ आहे की, काका,’ ती म्हणाली.

काका हसले. ‘पाण्यात दिसत नाही गं बाळा. पांढऱ्याला दिसतं.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा अर्धवट ऐकलं आणि रात्री पुन्हा पुन्हा आठवलं. सूत रंगवून झालं की सोपिंग करतात, म्हणजे साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढतात. रिॲक्टिव्ह रंगातला बराचसा भाग धाग्याला धरतो, काही भाग पाण्याशीच रिॲक्ट होऊन फुकट जातो. तो फुकट गेलेला रंग धाग्यावर नुसता बसलेला असतो, बांधलेला नसतो. दिसायला दोन्ही सारखेच लाल. पाणी स्वच्छ आलं म्हणून धुणं थांबवलं तर पार्टी चादर परत पाठवते, कारण गिऱ्हाईकाच्या घरी पहिल्या धुण्यात शेजारचा पांढरा पट्टा गुलाबी होतो. म्हणून तपासणीला ते नमुन्याला पांढऱ्या कापडाचा तुकडा शिवून साबणात उकळतात, आणि बघायचं ते पाण्याकडे नाही, त्या पांढऱ्या तुकड्याकडे. पाण्यात थोडा रंग आला तर पसरून जातो, डोळ्याला कळत नाही. पांढरं कापड तोच रंग ओढून स्वतःत साठवतं.

गंमत अशी की ही नुसती उपमा नाही. ॲगॅरोज आणि कापूस, दोन्ही मुळात साखरेच्या साखळ्या. दोन्हींवर हायड्रॉक्सिल गट. १९५६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीनं प्रोसिऑन रंग बाजारात आणले तेव्हापासून कापसाच्या त्या हायड्रॉक्सिलला रंगाचा रेणू रासायनिक बंधानं शिवता येऊ लागला. त्याच जातीचा सिबाक्रॉन ब्लू हा रंग ॲगॅरोजला शिवून प्रयोगशाळेत प्रथिनं वेगळी करायला वापरतात. काकांचा धंदा आणि आमचा प्रयोग एकाच रसायनशास्त्राच्या दोन गल्ल्या आहेत. फरक इतकाच की काका त्या गल्लीत पन्नास वर्षं चाललेत.

आता आमच्या कुपीचा हिशेब करते, कारण सगळं इथेच आहे.

मणी सरासरी १०० मायक्रोमीटर व्यासाचा धरू. विकत मिळतात ते साधारण ४५ ते १६५ च्या दरम्यान असतात. ॲगॅरोजचा मणी म्हणजे गोटी नव्हे, स्पंज. औषधाचा रेणू छोटा, तो छिद्रांतून थेट मध्यापर्यंत जातो आणि सगळीकडे बांधला जातो. पेशी मात्र बाहेरच्या कातडीलाच टेकू शकते. पेशीपटलाला मण्याच्या पृष्ठभागापासून १० नॅनोमीटर खोलीपर्यंतचं औषध भिडतं असं सढळ हातानं मानलं, तर त्या पातळ सालीत मण्याच्या एकूण आकारमानाचा किती भाग येतो? सालीची जाडी गुणिले तीन, भागिले त्रिज्या. ५० मायक्रोमीटर त्रिज्येला हे उत्तर येतं ०.०००६. म्हणजे मण्यावरच्या दहा हजार रेणूंपैकी फक्त सहा रेणू पेशीच्या आवाक्यात. बाकीचे ९,९९४ आत बसून आहेत.

आता त्यातले हजारात एक जरी सुटले तरी दहा हजारांतून दहा रेणू मोकळे फिरायला लागतात. भिडणाऱ्या सहांपेक्षा सुटलेले दहा जास्त! आणि मोकळा रेणू पेशीत शिरतो, साठत जातो, टोपोआयसोमरेजपर्यंत पोहोचतो.

दुसरीकडून बघा. प्लेटच्या एका खळग्यात मण्यांवरचं एकूण औषध १० मायक्रोमोलरच्या (मोलर हे द्रावणातल्या मात्रेचं माप; एक मायक्रो म्हणजे हजार नॅनो) तोडीचं होतं असं धरलं, तर त्यातला एक टक्का सुटला की १०० नॅनोमोलर मोकळं औषध झालं. ल्युकेमियाच्या अनेक पेशींना दोन-तीन दिवसांत गारद करायला एवढं पुरतं. आणि १०० नॅनोमोलरचं द्रावण डोळ्याला साफ पाण्यासारखंच दिसतं. वहीतल्या त्या दोन रेघांच्या ‘स्वच्छ’ला काडीचाही अर्थ नव्हता.

सुटतं का, याचं उत्तरही जुनंच आहे. सायनोजेन ब्रोमाइडनं तयार होणारा आयसोयुरियाचा बंध हळूहळू तुटतो हे १९७० च्या दशकातच माहीत झालं होतं. पाण्यानं तुटतो, आणि अमीन असलेल्या पदार्थांच्या सहवासात जास्त. पेशींच्या माध्यमात काय असतं? अमिनो आम्लं आणि दहा टक्के सीरम (रक्तातला पातळ द्रव), म्हणजे प्रथिनांचा सुकाळ. त्यावर ३७ अंशांची ऊब. शिवाय डॉक्सोरुबिसिनचे सपाट रेणू एकमेकांवर चवडीसारखे रचले जातात. बंध एकाचाच असला तरी त्याच्या पाठीवर तीन जण बसून येतात. मिठाच्या पाण्यानं ते उतरत नाहीत. आम्ही सात वेळा मिठाचंच पाणी वापरलं होतं.

इन्सुलिनच्या बाबतीतही हा घोळ झाला होता. १९६९ मध्ये क्युअत्रेकासास यांनी ॲगॅरोजला बांधलेलं इन्सुलिन चरबीच्या पेशींवर काम करतं असं दाखवलं आणि इन्सुलिन पृष्ठभागावरूनच निरोप देतं असा निष्कर्ष काढला. पुढे लक्षात आलं की त्या मण्यांतून इन्सुलिन गळतं आणि परिणामातला मोठा वाटा गळतीचा असू शकतो. पण निष्कर्ष मात्र बरोबर निघाला, इन्सुलिनचा ग्राहक रेणू खरोखर पेशीच्या पृष्ठभागावरच असतो! पुरावा कच्चा आणि उत्तर पक्कं, असंही होतं. वर्गात हे सांगितलं की पोरं म्हणतात, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की पुढच्या वेळी उत्तरही कच्चं निघेल आणि तुम्हाला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुपीतलं वरचं पाणी काढून फ्लुओरोमीटरमध्ये घातलं. डॉक्सोरुबिसिनवर ४८० नॅनोमीटरचा निळसर प्रकाश टाकला की ते ५९० च्या आसपास नारिंगी-लाल चमकतं. डोळ्याला न दिसणारं यंत्राला दिसतं. आकडा आला. त्या ‘स्वच्छ’ पाण्यात औषध होतं, आणि भरपूर. पुण्याला गेलेल्या कुपीतही सोमवार ते शुक्रवार तेच पाणी होतं, प्रवासात हललेलं आणि उन्हात कोमट झालेलं, आणि ते मण्यांसकट पेशींवर ओतलं गेलं होतं. ती खुर्चीत बसून राहिली. मी म्हटलं, ‘पेढे मीपण खाल्लेत.’ दुसरं काय बोलणार?

मण्यांवर राग काढण्यात अर्थ नव्हता. परत बांधायचे ठरले. या वेळी धुताना मिठाच्या पाण्याबरोबर पाणी आणि अल्कोहोल निम्मे-निम्मे असं मिश्रण वापरलं, म्हणजे चवडीतले पाहुणे उतरतील. थांबायचं ते यंत्राचा आकडा कोऱ्या द्रावणाइतका आल्यावर. रंगाकडे बघायचं नाही. सात धुण्यांनी ते झालं नाही. एकविसाव्याला झालं. आणि पुण्यात पेशींवर घालायच्या दिवशी सकाळी पुन्हा धुवायचं, उभ्या पाण्याचा एक थेंबही आत जाऊ द्यायचा नाही.

मोजणीतही एक फजिती आधीच झालेली होती, ती या फेरीत सापडली. पेशी मोजायची न्यूबॉअरची काच असते, तिच्यावरच्या झाकणकाचेखाली बरोबर ०.१ मिलिमीटर जागा असते. ०.१ मिलिमीटर म्हणजे १०० मायक्रोमीटर. आमचा सरासरी मणी बरोबर तेवढा! मोठा मणी आत आला की झाकणकाच उचलली जाते, खालचा द्रव वाढतो, मोजणी बिघडते. माझ्या मैत्रिणीच्या लॅबमधल्या मुलानं ‘काच नीट बसत नाहीये’ असं पहिल्याच वेळी लिहून ठेवलं होतं, आम्ही कुणी वाचलं नाही. आता मणी तळाशी बसू द्यायचे आणि वरचा पेशींचा द्रवच घ्यायचा असं ठरलं. रंगाच्या चाचणीवरही भरवसा ठेवायचा नव्हता, कारण एमटीटी या जिवंत पेशी ओळखायच्या चाचणीचा जांभळा रंग मणी स्वतःच थोडा पितात आणि औषधाचा लालपणा त्यात मिसळतो.

नव्या फेरीत तीन खळगे महत्त्वाचे. एकात मणी आणि पेशी एकत्र. दुसऱ्यात मणी नाहीत. मणी आधी दोन दिवस सीरमच्या माध्यमात ३७ अंशांवर ठेवायचे, गाळून काढायचे, आणि उरलेलं माध्यम पेशींना द्यायचं. तिसऱ्यात पेशी आणि मणी एकाच माध्यमात, पण मध्ये ०.४ मायक्रोमीटर छिद्रांचा पडदा. त्यातून औषध जातं, मणी जात नाहीत आणि पेशीही जात नाहीत.

निकाल पहिल्या वेळेइतका धडाकेबाज नव्हता. मण्यांबरोबरच्या पेशी मेल्या, पण कमी आणि सावकाश. गाळलेल्या माध्यमातल्या पेशी बऱ्यापैकी तगल्या. पडद्यापलीकडच्या पेशींचं मधलंच काहीतरी : माध्यमापेक्षा जास्त मेल्या, थेट मण्यांपेक्षा कमी.

मला वाटलं जमलं. माध्यमात गळती थोडी, थेट स्पर्शात मृत्यू जास्त, म्हणजे उरलेला परिणाम स्पर्शाचा. आमचं १९८२ आम्हाला मिळालं. मुलगी मात्र वहीत बघत बसली होती. ‘मॅडम, पडद्यापलीकडे जास्त का मेल्या? तिथे तर स्पर्श नाही.’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिनंच सांगितलं. ‘पांढरं कापड.’

खरं होतं. गळती मोजताना आम्ही मणी नुसत्या माध्यमात ठेवले होते. मण्यावरून थोडं औषध सुटतं, माध्यमात साचतं, थोडं परत मण्याच्या स्पंजात जाऊन बसतं, आणि काट्याचा तोल जमतो. पण पेशी तिथे असल्या की त्या मोकळं औषध ओढून घेतात आणि आपल्या डीएनएवर साठवतात. बाहेरच्या द्रवापेक्षा पेशीच्या आतली मात्रा कितीतरी पट होते. बाहेरचं कमी झालं की मण्यावरून आणखी सुटतं. पेशी म्हणजेच नमुन्याला शिवलेला पांढरा तुकडा. तो न शिवता नुसतं पाणी तपासलं, म्हणून गळती होती त्याहून कमी दिसली. ‘सुटलेलं औषध एवढ्या पेशी मारायला पुरेसं नाही’ हा युक्तिवाद कुठेही वाचला की मी आता आधी बघते की सुटलेलं मोजलं तेव्हा तिथे पेशी होत्या की नाही.

तरी पडदा आणि थेट स्पर्श यांच्यातला फरक उरतोच. मग तोच पृष्ठभागावरचा परिणाम म्हणायचा का? याही वेळी काकांच्या धंद्यातच शब्द होता. त्यांच्याकडे रंगाच्या दोन परीक्षा असतात. एक धुण्याची, दुसरी घासायची, तिला रबिंग म्हणतात. मोठ्या मिलमध्ये त्याला क्रॉकमीटर असतो, पांढऱ्या कापडाचं बोट नमुन्यावर दहा वेळा घासतात. काका ओला रुमाल घासतात. काही रंग धुण्याला टिकतात आणि घासण्याला जातात. पाण्यात उतरतच नाहीत, पण टेकलेल्या कापडावर थेट चढतात. डॉक्सोरुबिसिन अर्धं पाण्याचं, अर्धं तेलाचं असं औषध आहे. मण्यावर नुसता बसलेला रेणू, पेशीचं तेलकट पटल टेकताच, पाण्यात न उतरता सरळ तिकडे जाऊ शकतो. पडद्यानं धुणं मोजलं जातं, रबिंग नाही.

म्हणून शेवटची परीक्षा : मण्यांजवळून वेचलेल्या पेशी धुवून, आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये फोडून, आत औषध आहे का ते बघायचं. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक चमकतं का एवढं पाहून चालत नाही, कारण डीएनएत बसल्यावर या औषधाची चमक मंदावते; अंधार दिसला म्हणजे औषध नाही असं होत नाही. पेशी फोडून काढलं की लपायला जागा राहत नाही.

औषध सापडलं. पडद्यापलीकडच्या पेशींतही, आणि थेट मण्यांजवळच्या पेशींत त्याहून जास्त. पेशी ज्या क्रमानं मेल्या त्याच क्रमानं आकडे लागत होते.

यातून ट्रिटन आणि यी चुकले असं सिद्ध होत नाही. त्यांचे मणी वेगळे, पेशी वेगळ्या, हिशेब त्यांचा. सिद्ध होतं ते इतकंच की आमच्या मण्यांच्या जोरावर ‘न शिरता मारलं’ हे वाक्य आम्हाला लिहिता येत नाही. निव्वळ स्पर्शाचा दावा करायचा तर बंध आयसोयुरियापेक्षा पक्का हवा, औषध मण्याच्या आत नको, फक्त सालीवर हवं, आणि मेलेल्या पेशीच्या पोटात काही सापडता कामा नये. शिवाय ज्या अमिनो गटानं आम्ही औषध बांधलं तो गट बांधला गेल्यावर औषध मूळचं राहतंच असंही नाही. काकांच्या भाषेत, शेड बदलते.

प्रस्तावातल्या पहिल्या पानावरचे दोन ठळक मुद्दे तिनं खोडले. त्यांच्या जागी एक परिच्छेद आला, आणि तो मला तिच्या सगळ्या कामात जास्त आवडतो. त्यात तिनं लिहिलं की दवाखान्यात पोहोचलेले घन आधार गळण्यासाठीच बनवलेले असतात. यकृताच्या कर्करोगात रक्तवाहिनीतून सोडतात त्या मण्यांवर डॉक्सोरुबिसिन नुसत्या विद्युतभाराच्या ओढीनं धरलेलं असतं, आणि रक्तातले क्षार ते हळूहळू सोडवतात. मणी वाहिनी बुजवतो आणि औषध तिथेच उतरतं. मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पोकळीत ठेवायच्या चकत्या १९९६ पासून अमेरिकेत मंजूर आहेत. त्यांत कारमस्टिन असतं, चकती विरघळते तसं बाहेर येतं. प्रतिपिंडाला औषध बांधतात तिथेही बहुतेकदा बंध असा निवडतात की पेशीच्या आत गेल्यावर तुटावा. या सगळ्यांत गळती हाच उपचार. आम्ही जिला दोष म्हणून तीन महिने पकडत होतो तिचा वेग ठरवणं हे तिथलं कसब. म्हणून प्रबंधाचं नावही बदललं : आधी ‘पृष्ठभागावरची मारकता’ होतं, आता ‘मण्यांवरून सुटणाऱ्या औषधाचं मापन’. साधं, जरा नीरस नाव. बाहेरच्या परीक्षकांनी त्यावरच पाऊण तास विचारलं आणि ती एकदाही अडखळली नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी काका आले होते, इस्त्रीच्या शर्टात, हातात शेंगदाणा चटणीचा डबा. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना निकाल सांगितला, की शेवटी पेशीतच औषध सापडलं, रबिंगचंच असणार.

‘मग आता बांधणार कशानं?’ त्यांनी विचारलं.

मी बंधांचे दोन-तीन पर्याय सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, ‘ते बघा तुम्ही. पण या वेळी पाण्याच्या आधी रुमाल घासा ओ, मॅडम. एकवीस धुण्यांचं पाणी वाचेल.’